कॅसिओ एफएक्स-९९१ईएस प्लस: मोठ्या संख्येचे अवयव पाडायला कितपत कामाचा?

सांगलीत विश्रामबागेला इंजिनिअरिंगची पोरं जिथून ग्राफपेपर घेतात, तिथल्या स्टेशनरी दुकानांत हा कॅल्क्युलेटर हमखास मिळतो. घेतात तो मॅट्रिक्स आणि इंटिग्रेशनसाठी. अवयव पाडायचं बटण बऱ्याच जणांना माहीतच नसतं. संख्यांची आवड असेल तर निव्वळ त्या बटणासाठी घ्यावा. फक्त त्याच्या उत्तरातला कंस नीट समजून घ्यायला हवा.

दुकानातच तपासून बघा. सांगलीचा पिनकोड ४१६४१६ टाका, बरोबरचं चिन्ह दाबा, मग शिफ्ट आणि अंश-मिनिट-सेकंदाचं बटण. त्याच्यावर 'फॅक्ट' लिहिलेलं असतं. उत्तर येतं २⁵ × ७ × ११ × १३². (४१६ दोनदा आल्याने १००१ ने भाग जातो, ७, ११ आणि एक १३ तिथलेच.) आता प्रत्येक घातांकात एक मिळवून गुणा: ६ × २ × २ × ३ = ७२ विभाजक. त्यांची बेरीज काढायला प्रत्येक मूळ संख्येचे १ पासून तिच्या घातापर्यंतचे सगळे घात मिळवायचे (२ साठी १ + २ + ४ + ८ + १६ + ३२ = ६३) आणि ते आकडे गुणायचे: ६३ × ८ × १२ × १८३ = ११,०६,७८४. संख्येची दुप्पट ८,३२,८३२; बेरीज त्याहून जास्त, म्हणून ही विपुल संख्या. ८५८९८६९०५६ टाकलं तर २¹⁶ × १३१०७१ येतं आणि बेरीज बरोबर दुप्पट भरते: ही सहावी परिपूर्ण संख्या. सातवी १२ अंकी असल्याने इथे बसत नाही, कारण मर्यादा १० अंकांची. ऋण किंवा दशांश संख्येवरही फॅक्ट चालत नाही.

आता कंस. हे यंत्र तीन अंकी मूळ संख्यांपर्यंतच, म्हणजे ९९७ पर्यंत भागून बघतं. पुढची मूळ संख्या १००९, तिचा वर्ग १०१८०८१. उरलेला भाग याहून लहान असेल तर तो मूळच असणार, म्हणून १३१०७१ ला कंस पडला नाही. एवढा किंवा याहून मोठा भाग उरला की यंत्र तो कंसात टाकून थांबतं. तो मूळ आहे की संयुक्त, हे त्यावरून काहीच कळत नाही, आणि चूक होते ती इथेच. ४१०४६७६ चं उत्तर २² × (१०२६१६९). कंसातली संख्या १०१३ चा वर्ग आहे. २³² + १ म्हणजे ४२९४९६७२९७ चं उत्तर ६४१ × (६७००४१७), आणि ही कंसातली संख्या मात्र मूळ आहे.

म्हणून कंस दिसला की आधी वर्गमूळ काढा. पूर्णांक आला तर प्रश्न मिटला. नाही आला तर १००९ पासून वर्गमूळापर्यंतच्या मूळ संख्यांनी भागायचं. ६७००४१७ चं वर्गमूळ २५८८ च्या आसपास, म्हणजे दोनशेवर भागाकार. पण २³² + १ ही फर्मा संख्या आहे, म्हणजे २ चा घात अधिक १, आणि तो घातांकही २ चाच घात (३२ = २⁵). ६४१ हा तिचा अवयव गणितज्ञ ऑयलरने १७३२ मध्ये दाखवला. तिचा प्रत्येक मूळ अवयव १२८ च्या पटीत एक मिळवून येणारा असतो. त्या साच्यात या टप्प्यात दोनच मूळ संख्या सापडतात, ११५३ आणि १४०९. बाकी उरते ३३४ आणि ६२२. दोन भागाकारांत निकाल!

दरवेळी असा साचा हाताशी नसतो. दहा अंकी संख्या अख्खीच कंसात आली, तर सर्वांत वाईट बाबतीत ९४२४ मूळ संख्यांनी भागावं लागेल. तिथे हा कॅल्क्युलेटर बाजूला ठेवून संगणकच घ्यावा. नवीन ९९१सीडब्ल्यू घेणाऱ्यांनी हे बटण शोधत बसू नये. त्यात फॉरमॅट दाबून यादीतून प्राइम फॅक्टर निवडायचं असतं.