भिंतीवरची बुरशी आणि फुकटची ‘हवा तपासणी’

पावसाळा लागला की ठाणे-डोंबिवलीकडच्या सोसायट्यांमध्ये ‘घरातली हवा फुकट तपासून देतो’ म्हणणारी मुलं फिरायला लागतात. घरात दम्याचा पेशंट असेल तर त्यांना आयतंच सापडतं. आमच्याकडून त्यांनी १८,५०० रुपये नेले. कसे नेले ते सविस्तर लिहिते, कारण खरी मेख तपासणीतच आहे.

माझ्या मुलाला दमा आहे आणि बेडरूमच्या भिंतीला ओल. कपाटामागे काळी बुरशी धरलेली. आलेला मुलगा सासूबाईंना ‘आजी, आजी’ करत आत शिरला. जेलीसारखा थर असलेली एक छोटी बशी त्याने कपाटावर उघडी ठेवली आणि तासाभराने झाकण लावून नेली. काही दिवसांनी तीच बशी (तीच, असं तो म्हणाला) हिरव्या-काळ्या ठिपक्यांनी भरून परत आली. सोबत रंगीत अहवाल: ‘धोक्याची पातळी’. ते बघून कुठल्या आईचा जीव खाली-वर होणार नाही?

आता यातली गोम. बुरशीचे बीजाणू, म्हणजे ज्यांतून नवी बुरशी उगवते ते सूक्ष्म कण, हवेत सगळीकडेच असतात. ठणठणीत कोरड्या घरातही तशी बशी उघडी ठेवली, तर तिच्यावर काही ना काही उगवतंच. आमच्या शेजारच्या विंगमध्ये, जिथे ओलीचा मागमूस नाही, तिथेही हाच अहवाल दिला गेला. फक्त नाव बदललेलं. आणि घरातल्या बुरशीसाठी सर्वमान्य अशी ‘धोक्याची पातळी’ ठरलेलीच नाही, कारण कुणाला किती त्रास होईल हे माणसागणिक बदलतं. बुरशी डोळ्यांना दिसत असेल, कुबट वास येत असेल, तर तपासायचं काय? काढायचीच असते.

मग गादीचा खेळ. छोट्या व्हॅक्युमला काळं फडकं लावून त्याने गादीवर फिरवलं आणि फडक्यावरची पांढरट पूड दाखवली, ‘हे बघा डस्ट माइट’. डस्ट माइट म्हणजे धुळीत राहणारा बारीक किडा. मिलिमीटरच्या साधारण एक तृतीयांश एवढा असतो, तो असा नुसत्या डोळ्यांनी ओळखू येत नाही. ती पूड म्हणजे कातडीचा कोंडा, धागे आणि धूळ. कुणाच्याही गादीतून निघेल.

एवढी भीती घातल्यावर यंत्र आलं, ‘हवा निर्जंतुक करणारं’. रात्री मुलाच्या खोलीत लावायचं. झेरॉक्सच्या दुकानात येतो तसा वास यायचा, त्याला तो ‘ताज्या हवेचा वास’ म्हणत होता. तो वास ओझोन वायूचा होता. मुलाचा खोकला वाढला, पंप जास्त लागायला लागला. छातीच्या डॉक्टरांनी यंत्राचं माहितीपत्रक वाचलं आणि ते आधी बंद करा म्हणाले. ओझोन श्वासनलिकेला चुरचुरवतो, दमा उलट बळावतो. माणसाला सोसेल इतक्या ओझोनने बुरशी हटत नाही. शिवाय बुरशी मेली तरी भिंतीवर राहिलेल्या तिच्या कणांनी ॲलर्जी होतेच.

ओलीचं कारण शेवटी सोसायटीच्या प्लंबरने शोधलं. वरच्या मजल्याच्या बाथरूमचा पाइप गळत होता. तो दुरुस्त झाला, भिंत वाळली, फुगलेला गिलावा खरवडून नवा केला. या सगळ्या काळात मुलाला दुसऱ्या खोलीत झोपवलं, कारण खरवडताना बीजाणू उडतात. कपाट भिंतीपासून वीतभर पुढे ओढलं. चादरी-अभ्रे आठवड्याला ६० अंशांच्या पाण्यात धुते, तेवढ्या उष्णतेला माइट मरतात. पावसाळ्यात बेडरूममध्ये दोऱ्या बांधून कपडे वाळत घालणं बंद केलं. आर्द्रता दाखवणारं काही शे रुपयांचं मीटर घेतलंय. ५० टक्क्यांच्या खाली ठेवा असं सांगतात, पण जुलैत आपल्याकडे ते जमणं कठीणच. एसीचा ड्राय मोड लावला तर निदान साठच्या आसपास येतं.

पैशांचं म्हणाल, तर पावतीवर ना पत्ता, ना जीएसटी नंबर, आणि त्या मुलाचा फोन बंद. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आहे, यूपीआयचा व्यवहार क्रमांक, तो अहवाल आणि यंत्राचे फोटो जोडून. शेजारच्या विंगमधल्या वहिनींनीही त्यांचा अहवाल दिला. दोन्ही अहवालांवर ठिपक्यांचा फोटो एकच आहे.