आठ महिने मल्टिमीटर वापरल्यावर: ऑटो हेडलाइटचे दोन बिघाड

जानेवारीत साधारण चौदाशे रुपयांचा डिजिटल मल्टिमीटर (व्होल्टेज, करंट, रोध मोजायचं यंत्र) घेतला, तो फक्त गाडीच्या ऑटो लाइटपायी, म्हणजे अंधार पडला की आपोआप लागणाऱ्या हेडलाइटपायी. स्विच ‘ऑटो’वर ठेवला की भर दुपारी हेडलाइट पेटायचे. गॅरेजमध्ये सांगितलं, सेन्सर गेलाय, बहुतेक कंट्रोल युनिटही बदलावं लागेल. खर्चाचा आकडा ऐकून मी गाडी तशीच घरी आणली.

आधी मोबाइलला जोडायचा स्वस्तातला ओबीडी स्कॅनर, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरमधले बिघाडाचे कोड वाचणारं यंत्र, लावून पाहिला होता. तो इंजिनचे कोड नीट दाखवतो, पण माझ्या गाडीत लाइट सांभाळणाऱ्या बॉडी कंट्रोल मॉड्यूलपर्यंत तो पोचतच नाही. ‘एकही फॉल्ट नाही’ असं त्याने दाखवलं म्हणून लाइटची यंत्रणा ठीक आहे असं समजू नका.

माझ्या गाडीत उजेडाचा सेन्सर डॅशबोर्डवर, काचेच्या खालच्या कडेला बसवलेला आहे. त्याला तीन वायरी येतात: ५ व्होल्टचा पुरवठा, अर्थ (करंट बॅटरीच्या निगेटिव्हकडे परत नेणारी वाट) आणि सिग्नल. कपलर (वायरींचा जोड) न काढता मागून बारीक टाचणी घालून मोजलं. पुरवठा ५ व्होल्ट, अर्थ चोख. सिग्नल मात्र उन्हातही अंधारातल्यासारखा, अर्ध्या व्होल्टच्याही खाली. सेन्सरवर टॉर्च धरल्यावर आकडा तीनच्या वर गेला, म्हणजे सेन्सर जिवंत होता. मग लक्ष गेलं डॅशबोर्डच्या नव्या मॅटकडे. तिची कड सेन्सरवर आली होती. मॅट दोन बोटं सरकवली आणि दिवे विझले. काही गाड्यांत सिग्नल उलटा चालतो, उजेड वाढला की आकडा उतरतो. काचेला चिकटवलेला, पावसाचा आणि उजेडाचा एकत्र सेन्सर असेल तर तो बऱ्याचदा डिजिटल संदेश पाठवतो. तिथे मीटरवर आकडा हलत राहतो, तो बिघाड समजू नये. आणि डॅशबोर्डखाली पिवळे कपलर दिसले तर ते एअरबॅगचे असतात, त्यांना मीटर लावायचाच नाही.

खरा कस लागला जूनमध्ये. मी चिपळूणचा. पाऊस सुरू झाला आणि कशेडीच्या बोगद्यात शिरताना लक्षात आलं की ऑटोवर दोन्ही दिवे लागतात, पण डावा पिवळट, मंद. डावा इंडिकेटर दिला की त्याच्या तालावर हेडलाइटही थरथरायचा. हे लक्षण ध्यानात ठेवा. एक दिवा लावल्यावर शेजारचा बिचकत असेल तर बल्ब नंतर बदला, आधी अर्थ तपासा.

मी अर्थ तपासला, पण चुकीच्या पद्धतीने. बल्ब काढून वायरीला मीटरची कंटिन्युइटी, म्हणजे वायर सलग असली की बीप देणारी चाचणी, लावली, बीप वाजला आणि मी अर्थ चांगला धरून चाललो. त्यात दोन आठवडे गेले. दोन बल्ब बदलले, रिले बदलला, फरक शून्य. बरेच मीटर तीस-चाळीस ओहम रोध असला तरी बीप देतात. इथे दोष अर्ध्या ओहमचा होता. ५५ वॅटच्या बल्बमधून चारेक अँपिअर वाहतात, तेव्हा एवढा अर्धा ओहमही जवळजवळ दोन व्होल्ट खातो.

बरोबर पद्धत अशी: इंजिन चालू, दिवा लावलेला, बल्ब जागेवर. मीटर डीसी व्होल्टवर. लाल प्रोब बल्बच्या अर्थ पिनवर, काळा थेट बॅटरीच्या निगेटिव्हवर. दिसतो तो अर्थच्या वाटेत वाया जाणाऱ्या व्होल्टेजचा आकडा, तो ०.२ व्होल्टच्या आत हवा. माझा आला १.९. हॅलोजनचं व्होल्टेज दहा टक्के घटलं तरी उजेड जवळपास तीस टक्के घटतो, मग डावा दिवा मंद का ते वेगळं सांगायला नको. हेडलाइटमागे बॉडीला कसलेला अर्थचा स्क्रू काढला तर रिंगखाली हिरवा गंज. कोकणातल्या दमट हवेत हे व्हायचंच. बॅटरीची निगेटिव्ह काढून रिंग आणि पत्रा पॉलिश पेपरने घासला, स्क्रू कसला, वरून ग्रीस लावलं. आकडा ०.०५. खर्च पॉलिश पेपरचा, आणि त्याआधी वाया गेलेल्या बल्ब-रिलेचा.

आता मीटरबद्दल. रीडिंगवर माझा पूर्ण भरवसा बसलाय. सोबतचे प्रोब मात्र जाड आहेत, कपलरच्या मागे जात नाहीत, म्हणून टाचण्या आणि मगरचिमटे वेगळे घ्यावे लागले. स्क्रीनचा उजेड बोनेटखाली संध्याकाळी पुरत नाही. पंधरा मिनिटांनी मीटर आपोआप बंद होतो. उभी गाडी बॅटरीतून किती करंट खाते ते बघताना याचा फार त्रास होतो, कारण गाडीतली सगळी मॉड्यूल (कंट्रोल युनिट) झोपायलाच, म्हणजे शांत व्हायलाच, कधी कधी अर्धा तास लागतो. शिवाय करंट मोजून झाल्यावर लाल वायर व्होल्टच्या भोकात परत न लावता बॅटरीला टेकवली तर थेट शॉर्ट होतो. माझा आतला फ्यूज असाच एकदा उडाला. त्याच मापाचा आणि तेवढ्याच व्होल्टेज रेटिंगचा फ्यूज शोधायला चार दुकानं फिरलो, तेव्हा मीटरसोबतच दोन जादा घेऊन ठेवा.

गणपतीत भाऊ मुंबईहून आला, त्याच्याही गाडीचा उजवा दिवा मंद होता. अंगणातच मोजला, अर्थवर ०.०८, म्हणजे ठीक. पॉझिटिव्हच्या बाजूला मात्र बॅटरीपासून बल्बपर्यंत १.४ व्होल्ट पडत होते. बल्बचा होल्डर तापून काळा पडला होता. होल्डर बदलला.