दहा दिवसांचं विपश्यना शिबिर : एका माळकरी दुकानदाराचा अनुभव

बार्शी तालुक्यात माझं खत-बियाण्यांचं दुकान आहे. वय ५१. गळ्यात तुळशीची माळ घालून १९ वर्षं झाली, वारी चुकत नाही, संध्याकाळी हरिपाठ ठरलेला. हे आधी सांगतोय, कारण शिबिरात जे मिळालं आणि जे जड गेलं, दोन्हीचं मूळ इथंच आहे.

जायचं कारण राग. वडिलांच्या माघारी शेताची वाटणी झाली, विहीर मात्र सामाईक राहिली. धाकट्या भावाची पाळी कधी संपते आणि माझी कधी सुरू होते यावरून सहा वर्षं धुसफूस. गेल्या उन्हाळ्यात बांधावर बोलाचाली वाढली आणि मी त्याची कॉलर धरली. आई गोठ्याच्या दारात उभी होती. ती काही बोलली नाही, आत गेली आणि दुपारी जेवली नाही. कीर्तनात पहिल्या रांगेत बसून वैराग्याच्या निरूपणाला मान डोलवणारा मी, आणि हात सख्ख्या भावाच्या गळ्याशी. क्रोध आवरावा हे मला पंचवीस वर्षं ऐकून माहीत होतं. आवरतात कसा, हे कुणी हाताला धरून शिकवलं नव्हतं. तेवढ्यासाठी विपश्यनेच्या, म्हणजे ध्यानाच्या, शिबिराला गेलो.

केंद्राचं नाव लिहीत नाही. गोएंका गुरुजींच्या परंपरेतलं दहा दिवसांचं शिबिर कुठंही करा, वेळापत्रक तेच, सूचना त्यांच्याच ध्वनिमुद्रित आवाजात. माझ्या ज्या दोन तक्रारी आहेत त्या फक्त त्या जागेच्या आहेत, त्यावरून कुणी पद्धतीबद्दल मत बनवू नये.

गुरुजींची माहिती काढली तेव्हा मला आपलं माणूस भेटल्यासारखं वाटलं. सत्यनारायण गोएंका, जन्म १९२४, ब्रह्मदेशातलं मंडाले, मारवाडी व्यापारी घराणं. अर्धशिशीनं इतके हैराण की मॉर्फीनची इंजेक्शनं घ्यावी लागत. १९५५ मध्ये ते विपश्यना शिकवणारे सयाजी (म्हणजे गुरुजी) ऊ बा खिन यांच्याकडे गेले. ऊ बा खिन सरकारात महालेखापाल होते, म्हणजे हिशेबातलेच. डोकेदुखी घालवायला येणार असाल तर नको, मन निर्मळ करायला येणार असाल तर या, असं त्यांनी सांगितलं. १९६९ मध्ये गोएंका भारतात आले, मुंबईत पहिलं शिबिर झालं, १९७६ मध्ये इगतपुरीचं केंद्र सुरू झालं. २०१३ मध्ये ते गेले, आवाज राहिला. धंदा करणाऱ्या, घरदार असणाऱ्या माणसानं ही वाट चालून दाखवली, म्हणून माझा धीर वाढला.

अर्ज ऑनलाइन भरायचा. त्यात आजार, चालू गोळ्या, मानसिक त्रास, व्यसन, सगळं विचारतात. खरं लिहा. मी बीपीची गोळी लिहिली होती, तर फोन करून डोस विचारला. मनाचा गंभीर आजार असेल तर डॉक्टरांशी बोलल्याशिवाय जाऊ नये, हे मीही सांगेन. तिथं मन इतकं उघडं पडतं की आधीच खचलेल्याला ते झेपेलच असं नाही.

पहिल्या संध्याकाळी मोबाईल, पाकीट, वही-पेन आणि माझी जपमाळ एका कापडी पिशवीत घालून जमा केली. गळ्यातल्या माळेचं काय, असं मी घाबरतच विचारलं. ती राहू द्या म्हणाले, पण दहा दिवस जप नाही, हरिपाठ नाही, उपास नाही, पूजा नाही. पाच शीलं पाळायची: हिंसा नाही, चोरी नाही, ब्रह्मचर्य, खोटं नाही, नशा नाही. आणि आर्य मौन. नुसतं बोलायचं नाही एवढंच नव्हे, खाणाखुणा नाहीत, नजरेला नजरही द्यायची नाही.

पहाटे चारला घंटा. साडेचार ते साडेसहा बैठक, मग नाश्ता. अकराला जेवण. पाचला नव्या साधकाला चहा, एक फळ आणि चुरमुरे, जुन्या साधकाला, म्हणजे आधी शिबिर केलेल्याला, फक्त लिंबूपाणी. सातला प्रवचन, साडेनऊला दिवे बंद. मधला सगळा वेळ आसनावर, दिवसाला दहा तासांच्या वर. पहाटे उठायचं मला काही वाटलं नाही, वारीत त्याहून लवकर उठतो. त्रास हाताचा झाला. सदऱ्याच्या खिशात मोबाईल वाजतोय असं वाटून हात खिशावर जायचा, तिथं काहीच नसायचं. तिसऱ्या दिवशीपर्यंत हे चाललं.

पहिले तीन दिवस आनापान. नाकपुडीशी येणारा-जाणारा श्वास बघायचा, बस. श्वासाला नामाची जोड द्यायची नाही. मी बसलो की उधारीची वही उघडायची. कुणाचं सोयाबीन बियाणं बाकी, कुणाच्या युरियाच्या किती गोण्या, कुणी दोन हंगाम झाले तोंड दाखवलं नाही. चार श्वास झाले की वही. पुन्हा श्वास, पुन्हा वही. सूचना एवढीच यायची की मन भटकलं हे कळलं, आता शांतपणे परत या, चिडू नका. स्वतःच्या मनाला कुणी इतक्या सबुरीनं वागवताना मी पहिल्यांदाच पाहिलं.

चौथ्या दिवशी दुपारी विपश्यना देतात. डोक्यापासून पायापर्यंत अंगावरची संवेदना बघत जायचं. चांगली वाटली तर चिकटायचं नाही, वाईट वाटली तर झटकायची नाही. त्यानंतर रोज तीन वेळा अधिष्ठान: एक तास हात-पाय हलवायचे नाहीत, डोळे उघडायचे नाहीत.

माझा उजवा गुडघा आधीच कुरकुरणारा. पहिल्या अधिष्ठानात पंचविसाव्या मिनिटाला कुणीतरी आत पाना घालून बोल्ट आवळतोय असं व्हायला लागलं. मी दोनदा पाय सोडला. पाचव्या दिवशी नाही सोडला. दुखणं बघत राहिलो, तर त्याचे तुकडे झाले. आधी नुसती उष्णता, मग ठणका, मग सुया टोचल्यासारखं, आणि या सगळ्याच्या बाहेर, वेगळी, माझी चिडचिड. दुखणं गुडघ्यात होतं, चिडचिड घशात होती. दोन्ही एकच आहेत असं मी आजवर समजत होतो.

तेवढ्यात भाऊ आठवला. तोच बांध, तीच कॉलर, त्याचं ते वाक्य, "दादा, तुझी माळ फक्त लोकांना दाखवायला आहे." आणि बरगड्यांच्या मधोमध, रुपयाच्या नाण्याएवढी जागा भाजल्यासारखी तापली. सहा वर्षं ज्याला मी भावावरचा राग म्हणत होतो तो आत्ता, या घडीला, एवढाच होता. भाऊ बार्शीत, मी इथं, आणि जळत होतो मी. हलायचं नव्हतं म्हणून बघत बसलो. थोड्या वेळानं ती जागा गार झाली. परत तापली, परत गार झाली. "अनिच्च" हा शब्द गुरुजी वारंवार म्हणतात, टिकत नाही ते. प्रवचनात तो कानावरून गेला होता. त्या तासाला छातीत कळला.

सहाव्या दिवशी एकादशी होती.

माळ घातल्यापासून एकादशीला अन्न घेतलेलं नाही. तापातही नाही. आदल्या दिवशी बारा ते एकच्या वेळेत शिबिर चालवणाऱ्या सहायक आचार्यांकडे गेलो, तिथं तेवढं बोलता येतं. त्यांनी ऐकून घेतलं. म्हणाले, तुमची श्रद्धा कुणी मागत नाही. दहा दिवस फक्त हेच करून बघा, दोन गोष्टी मिसळल्या तर कशानं काय झालं ते तुम्हालाच कळणार नाही. मग म्हणाले, आल्या दिवशी तुम्ही शब्द दिला आहे, आता ठरवा.

अकरा वाजता ताट घेऊन रांगेत उभा होतो. भात, पातळ वरण, दुधी भोपळ्याची भाजी. वरणावर जिऱ्याची फोडणी होती, वास आमच्या घरच्यासारखा. घास तोंडात घातला आणि डोळे भरून आले, पुढचं ताट दिसेना. बोलायची सोय नाही, कुणाकडे बघायची सोय नाही. दुपारच्या बैठकीत पोटात दगड असल्यासारखं होतं. विठ्ठलाला फसवलं, आईला कळलं तर, दिंडीतल्या माउली काय म्हणतील, एकामागून एक येत राहिलं. हलता येत नव्हतं, म्हणून बघत राहिलो. साडेतीनला घंटा झाली तेव्हा दगड होता, पण मी त्याच्याखाली नव्हतो.

मी बरोबर केलं का, हे अजून ठरवता आलेलं नाही. घरी आल्यावरची एकादशी निर्जळी केली. पण माळकरी बांधवांनो, जाणार असाल तर हे घरून ठरवून जा. तिथं जाऊन कुढत बसाल तर दोन दिवस वाया जातील.

आता त्या जागेच्या तक्रारी. आमच्या खोलीच्या ओळीत दोनच न्हाणीघरांत गरम पाणी यायचं, नोव्हेंबरच्या थंडीत सकाळी वीस माणसांची रांग. आणि गुडघे-पाठ दुखणाऱ्याला खुर्ची मिळते हे सातव्या दिवशी मी स्वतः विचारल्यावर कळलं. माझ्या पुढचे एक आजोबा तोवर भिंतीच्या आशेनं मागं बघत बसलेले असायचे. पहिल्याच दिवशी हे सांगायला हवं. तुम्ही आल्याआल्या विचारा. जेवण साधं आणि चांगलं. सेवा देणारे सगळे बिनपगारी जुने साधक. ताटं विसळायच्या जागेवर पाणी साचलं तर न बोलता पुसून जायचे.

पैसे मागत नाहीत, आणि आधी दिले तरी घेत नाहीत. एक शिबिर पूर्ण करणाऱ्याकडूनच दान घेतात, तेही त्याच्या मनाला येईल तेवढं. दहाव्या दिवशी मंगल मैत्री, म्हणजे सगळ्यांचं भलं चिंतणं, शिकवून मौन सुटलं आणि दानाच्या टेबलापाशी उभा राहिलो, तेव्हा कळलं की माझं अकरा दिवसांचं अन्न-पाणी मला न ओळखणाऱ्या कुणीतरी आधीच भरलं होतं. उधारीवर धंदा करणाऱ्या माणसाला हे लवकर गिळता येत नाही. ज्यानं दिलं त्याला वसुलीला यायचं नाही, आणि मला फेडायचं तर त्याला नाही, पुढच्याला.

घरी सकाळ-संध्याकाळ एकेक तास बसा असं सांगतात. दुकान आठला उघडतं, मला पहाटेची चाळीस मिनिटं जमतात. संध्याकाळी हरिपाठ आहे. तो सोडलेला नाही आणि सोडणार नाही.

राग गेला का, असं घरात रोज विचारतात. गेला नाही. दिवाळीनंतर विहिरीच्या पाळीसाठी तलाठी कार्यालयात दोघांना बोलावलं होतं. भाऊ सगळ्यांदेखत म्हणाला की मोटरचं बिल मी खातो. रुपयाएवढी जागा लगेच तापली, अगदी तशीच. पूर्वी मी उभा राहिलो असतो. या वेळी हात मांडीवर होते, ते तिथंच ठेवले. जागा गार व्हायला किती वेळ लागतो ते बघितलं, मग पिशवीतून बिलं काढून टेबलावर ठेवली. भाऊ बिलांकडे बघत होता, माझ्याकडे नाही. पाळीचा निकाल लागायचा आहे. बाहेर आल्यावर मी दोन चहा सांगितले. त्यानं घेतला. बोलला नाही.

पुढच्या शिबिराचा अर्ज भरताना कालनिर्णय काढून बघितलं. आठव्या दिवशी एकादशी येतेय. तारीख बदलता आली असती. तीच ठेवली.