एक्सप्लोरेटोरियम, सॅन फ्रान्सिस्को : प्रात्यक्षिकाच्या टेबलाजवळून

विज्ञान केंद्रात लोकांसमोर प्रयोग करून दाखवणे हेच ज्यांना आयुष्यभराचे काम म्हणून करायचे आहे, त्यांनी सॅन फ्रान्सिस्कोच्या एक्सप्लोरेटोरियम या विज्ञान संग्रहालयात काय पाहावे, एवढ्यापुरतेच हे परीक्षण आहे. भाचीकडे फ्रीमॉण्टला गेले असताना दोन पूर्ण दिवस आणि एक गुरुवारची संध्याकाळ मी तिथे घालवली. महाराष्ट्रातल्या एका छोट्या विज्ञान केंद्रात बारा वर्षे कार्यक्रम आखण्याचे आणि करण्याचे काम केल्यामुळे माझे लक्ष मांडलेल्या प्रयोगांपेक्षा त्यांच्याशेजारी उभ्या असलेल्या माणसांकडे अधिक होते.

हे संग्रहालय १९६९ साली फ्रँक ओपनहायमर यांनी सुरू केले. अणुबॉम्बमुळे सर्वांना माहीत असलेल्या रॉबर्ट ओपनहायमर यांचे ते धाकटे भाऊ आणि स्वतःही पदार्थवैज्ञानिक. कम्युनिस्ट पक्षाशी असलेल्या जुन्या संबंधांवरून विद्यापीठातील नोकरी सुटल्यावर त्यांनी कोलोरॅडोमध्ये काही वर्षे गुरे पाळली आणि पुढे तिथल्याच एका गावच्या शाळेत शिकवले. विद्यार्थ्यांना भंगारात टाकलेल्या मोटारींपाशी नेऊन त्यांच्या सुट्या भागांवरून ते यंत्रशास्त्र समजावत. त्या शाळेची छाप संग्रहालयावर आजही दिसते. इथे काचेआड ठेवलेले जवळजवळ काही नाही, सहाशेहून अधिक प्रयोग हाताळण्यासाठी मांडलेले आहेत, आणि ते जिथे तयार होतात ती कार्यशाळासुद्धा येणाऱ्या-जाणाऱ्यांना दिसेल अशी ठेवलेली आहे. २०१३ पासून हे सारे समुद्राच्या खाडीतल्या पियर १५ या लांबलचक धक्क्यावर आहे.

माझा सर्वाधिक वेळ मात्र एकाच टेबलापाशी गेला. गाईच्या डोळ्याचे विच्छेदन हे इथले फार जुने प्रात्यक्षिक. गाईचा डोळा म्हटल्यावर आपल्याकडच्या वाचकाला क्षणभर अडखळायला होईल, मलाही झाले. डोळे कत्तलखान्यातून आलेले असतात. टेबलामागे नारिंगी जाकीट घातलेली, शाळेच्या शेवटच्या वर्षांत असावी एवढ्या वयाची एक मुलगी उभी होती. तिने आधी डोळ्याभोवतीची चरबी आणि स्नायू कातरून बाजूला केले, मग बुबुळावरचा पारदर्शक पडदा कापला, आतले पाणी बाहेर आले, आणि तिने भिंग अलगद काढून वर्तमानपत्राच्या तुकड्यावर ठेवले. भिंगाखालची अक्षरे मोठी झाली. ती त्याबद्दल एक शब्दही बोलली नाही. समोरचा सात-आठ वर्षांचा मुलगा वाकला, त्याने कागद पुढेमागे सरकवला आणि आईला हाक मारली. त्यानंतरच तिने त्याला विचारले, ‘तुला काय दिसतंय?’

त्या न बोलण्याचे मोल मला कळते, कारण ते अंगी यायला मला काही वर्षे लागली. मी नोकरीला लागले तिथे आम्हाला टंकलिखित भाषण पाठ करायला दिले होते. पहिल्याच आठवड्यात एका जिल्हा परिषद शाळेच्या चाळीस मुलांसमोर मी हवेच्या दाबाचा प्रयोग केला. पालथ्या पेल्यातले पाणी पुठ्ठ्याच्या आधाराने राहिलेले पाहून एक मुलगा ‘बाई, खालून कोणीतरी ढकलतंय’ असे म्हणाला, आणि मी त्याला थांबवून पाठ केलेली व्याख्या म्हणून दाखवली. त्याने उत्तर जवळजवळ गाठले होते आणि मी ते त्याच्या हातून काढून घेतले. ती चूक चूक म्हणून दाखवून देणारे तेव्हा तिथे कोणी नव्हते.

एक्सप्लोरेटोरियममध्ये ही उणीव भरून काढण्याची व्यवस्था आहे, आणि माझ्या मते तीच तिथली सर्वांत मोलाची गोष्ट. शाळकरी वयाच्या मुलामुलींना पगार देऊन एक्स्प्लेनर, म्हणजे त्या मुलीसारखे प्रयोग दाखवणारे, म्हणून नेमण्याची प्रथा संस्थेच्या आरंभापासून आहे. त्यांनी सर्वज्ञ असावे अशी अपेक्षा नसते. स्वतः शिकत असलेले मूल पाहुण्याला अधिक मोकळेपणाने शिकू देते, आणि दुसऱ्याला दाखवताना ते स्वतःही पक्के होते, असा त्यामागचा विचार. पाहुण्याला सोबत मिळते आणि एक्स्प्लेनरला धंद्याचे पहिले शिक्षण मिळते. एकच टेबल दोघांच्या उपयोगी पडते. आपल्याकडच्या विज्ञान केंद्रांनी इमारतीआधी ही गोष्ट उचलायला हवी होती, असे मला फार मनापासून वाटते.

विच्छेदनाचा शेवटचा भाग मी तीनदा पाहिला. डोळ्याच्या मागच्या भिंतीवरचा मऊ, फिकट पडदा हलकेच सोलला की तो फक्त एका बिंदूपाशी अडकून राहतो. तिथून मज्जातंतू बाहेर जातो आणि तीच जागा म्हणजे आपल्या दृष्टीचा अंध बिंदू, जिथे काही दिसत नाही. पडद्याखाली निळ्या-हिरव्या मोरपंखी चमकेचा थर उघडा पडतो. रात्री गाडीच्या दिव्यात रस्त्यावरच्या गुराचे डोळे चमकतात ते याच थरामुळे, आणि माणसाच्या डोळ्यात तो नसतो. हे पाहिलेला माणूस ते विसरणार नाही.

गुरुवारची संध्याकाळ अठरा वर्षांवरील लोकांसाठी राखलेली असते. प्रौढ माणसे मुलांना घेऊन येतात तेव्हा मुलांसाठी बाजूला उभी राहतात. या संध्याकाळी ती स्वतः हात घालतात. कार्यक्रम आखणाऱ्याने दिवसाचा आणि गुरुवारचा असे दोन्ही वेळचे लोक पाहावेत. प्रयोग तेच असले तरी प्रश्न बदलतात. पूर्ण काळोखातून केवळ स्पर्शाने वाट काढायचा टॅक्टाइल डोम १९७१ पासून आहे. त्याचे तिकीट वेगळे आणि जागा आधी राखावी लागते.

व्यवसाय म्हणून या वाटेकडे पाहणाऱ्यांना एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. टेबलामागचे काम बहुतेक ठिकाणी तासावर मोजले जाते, कोविडच्या काळात संग्रहालये बंद पडली तेव्हा पहिली झळ अशाच लोकांना लागली, आणि टेबलावरून कार्यक्रम आखणाऱ्याच्या खुर्चीपर्यंत पोचायला अनेक वर्षे जातात. भारतात राष्ट्रीय विज्ञान संग्रहालय परिषदेच्या केंद्रांत, म्हणजे वरळीचे नेहरू विज्ञान केंद्र, नागपूरचे रमण विज्ञान केंद्र किंवा पणजीचे गोवा विज्ञान केंद्र इथे, शिक्षण सहायक आणि क्युरेटर ही सरकारी पदे आहेत, पण जागा मोजक्या. पुण्याच्या आयुका या खगोलविज्ञान संस्थेतील मुक्तांगण विज्ञान शोधिकेत अरविंद गुप्ता यांनी टाकाऊ वस्तूंतून खेळणी करत जे काम उभे केले, ते ओपनहायमरांच्या भंगारातल्या मोटारींचे सख्खे भावंड आहे, आणि शिकाऊ माणसाने विमानाच्या तिकिटाचा विचार करण्याआधी ते नीट अभ्यासावे.

ज्यांना एक्सप्लोरेटोरियमला जाता येईल त्यांनी सगळे पाहून होण्याची घाई करू नये. एक टेबल निवडावे, सलग तीन प्रात्यक्षिके पाहावीत, आणि वहीत प्रयोगाऐवजी एक्स्प्लेनर कधी गप्प राहिला ते टिपावे.

परत आल्यावर मी ओळखीच्या मटणवाल्याकडून बोकडाचे चार डोळे आणले. बोकडाच्या डोळ्यातही तो चमकणारा थर असतो. पहिल्या दिवशी पाचवीतल्या एका मुलीने नाक दाबून भिंगातून वर्तमानपत्र वाचले, मग ते चिमट्याने उचलून खिडकीकडे धरले आणि बाहेरचा पिंपळ उलटा दिसतो म्हणून सांगितले. मी काही बोलले नाही. तिने चिमटा शेजारच्या मुलाच्या हातात दिला.