तीन आवर्तनांचा समुद्र: ‘बिकम ओशन’चे ध्वनिमुद्रण

जॉन लूथर अॅडम्स या अमेरिकी संगीतकाराची ‘बिकम ओशन’ ही वाद्यवृंदरचना सिएटल सिम्फनी या वाद्यवृंदाने लुडोविक मॉर्लो यांच्या संचालनाखाली २०१३ मध्ये प्रथम सादर केली. २०१४ मध्ये तिला संगीताचे पुलित्झर पारितोषिक मिळाले आणि त्याच वर्षी हे ध्वनिमुद्रण बाजारात आले. गोव्यातल्या चोडण बेटावर आमच्या घरी या पावसाळ्यात मी ते तीन वेळा अथपासून इतिपर्यंत ऐकले.

सुमारे ४२ मिनिटांच्या या रचनेत कुठे विसावा नाही, गुणगुणता येईल अशी चाल नाही, माणसाचा आवाज नाही. तंतुवाद्ये, लाकडी सुषिरवाद्ये (फुंकून वाजवायची वाद्ये) आणि पितळी वाद्ये असे वाद्यवृंदाचे तीन गट केलेले असून प्रत्येक गट आपापल्या गतीने चढतो आणि ओसरतो. विलंबित ख्यालावर कान पोसलेला श्रोता सुरुवातीला मात्रा मोजू पाहतो, पण हाती काही लागत नाही. मग हळूहळू ध्यानात येते, की वेगवेगळ्या लांबीची तीन आवर्तने एकाच वेळी चालली आहेत आणि साऱ्या रचनेत ती केवळ तीनदा समेवर एकत्र येतात. त्या तिन्ही जागा अक्षरशः अंगावर येतात.

आमच्या खाजन शेतीच्या, म्हणजे खाडीकाठच्या खाऱ्या सखल जमिनीतल्या शेतीच्या बांधावर मानस आहे, म्हणजे पाणी आत-बाहेर सोडणारे दार. भरतीच्या दाबाने तिची लाकडी दारे आपोआप मिटतात. पण अमावास्येच्या उधाणात मिटलेल्या फळ्यांच्या फटींतून पाणी आत झिरपू लागते, तेव्हा नदी कुठेच उसळलेली दिसत नाही, फक्त लाकडावरची ओली रेघ बोटाबोटाने वर सरकत राहते. या संगीतातला चढ नेमका तसा आहे, आणि देवमाशांचे आवाज किंवा लाटांची ध्वनिफीत न वापरता संगीतकाराने तो साधला, याचे मला फार मोल वाटते.

एक गोष्ट मात्र खटकली. निम्म्यावर आल्यावर संगीत उलट फिरते आणि आले त्याच वाटेने शेवटच्या शांततेपर्यंत परत जाते. ध्रुवावरचे बर्फ वितळून समुद्र वाढतो आहे, या काळजीतून ही रचना उभी राहिली आहे. तो समुद्र असा ओहोटीसारखा मागे हटणार नाही. बांधणी म्हणून हा उलटा प्रवास विलक्षण रेखीव आहे, पण कोरगुटाच्या, म्हणजे खाऱ्या जमिनीत तगणाऱ्या भाताच्या पेरणीआधी बांधावर माती चढवणाऱ्या माणसाला हा दिलासा पटणे कठीण आहे.

मोबाइलच्या स्पीकरवर ही रचना ऐकू नये. सुरुवातीची मिनिटे इतकी खालच्या स्वरांत आणि इतकी हळू आहेत की पंख्याच्या घरघरीतही ती हरवतात. म्हणून आवाज वाढवून ठेवला, तर पहिल्याच समेला माझा लहान स्पीकर फाटक्या आवाजात बोलू लागला. चांगले हेडफोन लावून, पंखा बंद करून, रात्री जेवणानंतर ऐकावी.