१६ इंची म्हणून १५ इंची रिम्स गळ्यात मारल्या, त्याही टेप लावून

जुनी अलॉय व्हील घ्यायचा विचार असेल तर आधी हे वाचा. मला १६ इंची सांगून १५ इंची रिम्स विकल्या, त्याही माझ्यासमोर मोजून.

माझ्या गाडीला कंपनीच्या १६ इंची लोखंडी रिम्स आहेत. टायर गुळगुळीत झाले होते, नवे घ्यायचेच होते, म्हटलं सोबत अलॉयही बसवू. जाहिरात बघून गेलो. चारही रिम्स धुऊनपुसून भिंतीला टेकवून ठेवलेल्या, एकीवरही टायर नाही. "मुद्दाम काढून ठेवलेत साहेब, आतून-बाहेरून नीट बघता येतं." टायर असता तर त्याच्या बगलेवर 'आर १५' छापलेलं दिसलं असतं. मुद्दाम काढले होते हे मात्र खरंच.

विक्रेत्याने खिशातून टेप काढला, रिमच्या एका कडेपासून समोरच्या कडेपर्यंत ताणला आणि आकडा मलाच वाचायला लावला. सोळाच्या पुढे, साडेसोळाच्या जरा अलीकडे. "सोळा भरून वरच आहे बघा. बनावटीत एवढं मागेपुढे असतंच." मग रुंदीही तशीच बाहेरून बाहेर मोजून दाखवली, सात इंच. हिशेब झाला, रिम्स डिकीत.

टायरवाल्याकडे नवे २०५/५५ आर १६ टायर काढले. यंत्रावर टायर चढवताना पट्टी लावून जोर करावा लागतो, इथे तो नुसत्या हाताने आत गेला. पोऱ्या थबकला. टायर हलवून बघितला तर आत सैल फिरतोय, बीड (टायरची रिमवर बसणारी आतली कडक कड) आणि रिम यांच्यात सगळीकडून जवळजवळ अर्ध्या इंचाची फट. "सेठ, ही पंधराची आहे," तो म्हणाला. मी टेपचं सांगितलं तेव्हा हसला आणि रिम उलटी केली. आरीच्या मागच्या बाजूला, जिथे माप ओतीवच उठवलेलं असतं, तिथे ताज्या काळ्या रंगाचा जाड थर होता. पेट्रोलच्या फडक्याने घासल्यावर खाली ग्राइंडर फिरवल्याच्या खुणा निघाल्या. आकडे बरेचसे गेले होते, पण '१५ × ६ जे' वाचता आलं.

युक्ती साधी आहे. रिमचं माप बाहेरच्या कडेवर मोजतच नाहीत. टायरचा बीड आत ज्या बैठकीवर बसतो, त्या बैठकीचा व्यास म्हणजे रिमचं माप. कड त्या बैठकीच्या वर साधारण १७-१८ मिलिमीटर उभी असते, दोन्ही बाजूंची मिळून ३५ च्या आसपास, म्हणजे इंचाहून जास्त. १५ इंची रिमची बैठक ३८१ मिलिमीटरच्या जवळपास, कडेपासून कडेपर्यंत मोजली की ४१६ भरते, आणि इंची टेपवर झाले १६.४. खरी १६ इंची रिम असती तर तोच टेप सव्वासतराच्या पुढे गेला असता. रुंदीचंही तेच. ती दोन्ही कडांच्या आतल्या अंगापासून मोजतात, बाहेरून मोजली की कडांची जाडी मिसळून ६ ची ७ होते. म्हणजे टेप खोटा नव्हता, लावायची जागा खोटी होती.

मग आम्ही भोकंही मोजली. विक्रेत्याचं म्हणणं होतं, पाच बोल्ट, पाच भोकं, अजून काय पाहिजे? पण भोकांच्या मध्यांतून जाणाऱ्या वर्तुळाचा व्यास, म्हणजे पीसीडी, गाडीशी तंतोतंत जुळावा लागतो. माझ्या गाडीचा ११४.३ आहे, या रिम्सचा ११२ निघाला. चार भोकं असतील तर समोरासमोरच्या दोन भोकांचं मध्य ते मध्य अंतर थेट उत्तर देतं. पाच असतील तर समोर भोक येतच नाही, म्हणून शेजारच्या दोन भोकांचं अंतर घेऊन १.७ ने गुणायचं. ११२ ला ते अंतर ६५.८ मिलिमीटर येतं, ११४.३ ला ६७.२. दीड मिलिमीटरही फरक नाही! टेपवर तो कळणार नाही, व्हर्निअर, म्हणजे मिलिमीटरहून बारीक मोजणारी सरकती मोजपट्टी लागते. नट जबरदस्तीने आवळले तर आवळलेही जातात, पण तिरके बसतात, स्टडवर, म्हणजे नट ज्यावर आवळतात त्या दांड्यांवर सतत ताण राहतो आणि धावत्या गाडीत ते सैल होऊ लागतात. टायर बसले असते तर मी त्याच रिम्सवर घरचे लोक घालून महामार्गावर गेलो असतो, म्हणून राग जास्त आहे.

घ्यायला जाल तेव्हा व्हर्निअर न्या, रिम उलटी करून मागचं ओतीव माप बघा, तिथे नवा रंग असेल तर खरवडून बघा. एक रिम हबवर, म्हणजे गाडीच्या ज्या भागावर चाक बसतं तिथे चढवून बघू द्या म्हणा. मधलं भोक हबवर बसतं का, आतल्या बाजूने ब्रेकला घासते का, हे दोन मिनिटांत समजतं. आणि बैठकीचं माप, पीसीडी, ऑफसेट (रिमच्या रुंदीच्या मध्यापासून हबला टेकणारी बाजू किती आत-बाहेर आहे ते) हे तीन आकडे त्याच्याकडून आधीच मेसेजवर लिहून घ्या. मी सगळं तोंडी ऐकलं होतं, त्याचा त्याने पुरेपूर फायदा घेतला.

फोन केला तर म्हणाला, "आकडा तुम्हीच वाचला होता साहेब." त्यानंतर नंबर ब्लॉक. नवे टायर जुन्या लोखंडी रिम्सवर चढवले, त्यावर गाडी छान चालते.