दीड-दोन हजारचे बड्स की पंचवीस हजारचे हेडफोन? पुण्यात राहणाऱ्यांसाठी

किंमत बघायच्या आधी एकच गोष्ट बघा, तुमच्या कानावर दिवसभर कुठला आवाज पडतो. गाणी काय दोन्हीत वाजतात, आणि खरं सांगायचं तर युट्यूब, पॉडकास्ट, लेक्चर यासाठी दीड-दोन हजारचे बड्स आता पुरेसे चांगले यायला लागलेत. वरचे साधारण तेवीस हजार तुम्ही मुख्यतः शांततेसाठी देता, त्यामुळे ती शांतता तुम्हाला मिळणार का हे आधी समजून घ्या.

नॉइज कॅन्सलिंग म्हणजे बाहेरचे माइक आजूबाजूचा आवाज टिपतात, आतली चिप त्याची बरोब्बर उलटी लहर तयार करून कानात सोडते आणि दोन्ही लहरी एकमेकींना मारतात. हे जमतं ते एकसुरी, खालच्या पट्टीतल्या आवाजाला. एसीची घरघर, पंखा, जनरेटर, बसचं इंजिन, विमान. बोस कंपनीच्या अमर बोस यांना ही कल्पना १९७८ मध्ये विमानातच सुचली होती, आणि आजही हे हेडफोन विमानात सगळ्यात भारी वाटतात ते उगाच नाही. पण हॉर्न, कुकरची शिट्टी, शेजारच्या टेबलावर क्लायंटशी मोठ्याने बोलणारा सहकारी, हे आवाज वरच्या पट्टीतले आणि अचानक येणारे, त्यांना पकडायला चिपला वेळच मिळत नाही, ते जे काय कमी होतात ते बरेचसे कानावरच्या जाड कुशनमुळे. गणपतीच्या आधी नदीपात्रात ढोलपथकांचा सराव सुरू होतो त्यावर तर कुठलेच हेडफोन चालणार नाहीत, तो ठोका आहे, घरघर नाही.

म्हणून हिंजवडी किंवा खराडीला मोठ्या एसी फ्लोअरवर रोज सात-आठ तास बसून कोड लिहिणारा माणूस असेल तर मी बिनधास्त सांगेन, घ्या महागडे. सोनीचे डब्ल्यूएच १००० एक्सएम४, एक्सएम५ किंवा बोसचे क्वाएटकम्फर्ट, ऑन केल्या केल्या ती घरघर गायब होते आणि तेव्हा कळतं की आपण दिवसभर काय सहन करत होतो. पासवर पुणे-मुंबई करणाऱ्यांनाही तेच, गाडीचा धडधडाट बराच खाली बसतो (वडापाववाल्याची हाक मात्र ऐकू येते, ते बरंच आहे). शिवाय कानाचं आरोग्य. गोंगाटात आपण नकळत व्हॉल्यूम वाढवत नेतो, आणि जागतिक आरोग्य संघटना मोठ्यांसाठी ८० डेसिबल, आठवड्याला ४० तास ही मर्यादा सांगते, आजूबाजूला शांत असलं की आवाज आपोआप कमी ठेवला जातो. महाग हेडफोनच्या बाजूने मला हाच मुद्दा सगळ्यात वजनदार वाटतो.

पण पुण्यात बहुतेकांचा प्रवास दुचाकीवर आणि तिथे दोन्हीपैकी काहीच घालू नका, हेल्मेटखाली बड्स घालून सिंहगड रोडवर गाडी चालवणं म्हणजे मागून येणारी पीएमपी बस ऐकूच येणार नाही. आणि ज्याचं बसून काम नाही, साइटवर, दुकानात, कॉलवर फिरत फिरत दिवस जातो, जिम आहे, जून ते सप्टेंबर पाऊस आहे, त्याला बड्सच. आयपीएक्स४ लिहिलेलं असलं तर घाम आणि शिंतोडे चालतात. एक्सएम५ ला पाण्यापासून संरक्षणाचं रेटिंगच नाही, वर एप्रिल-मेमध्ये अडीचशे ग्रॅमचं ते प्रकरण कानावर घामाघूम करतं. एक्सएम५ ची तर घडीही होत नाही, बॅगेत डब्याएवढी जागा जाते, एक्सएम४ ची होते.

बॉक्सवरच्या दोन गोष्टी नीट वाचा. ईएनसी म्हणजे कॉलवर तुमचा आवाज समोरच्याला स्वच्छ जावा म्हणून केलेली सोय, तुमच्या कानाला त्याने काही शांतता मिळत नाही, ती हवी तर एएनसी (म्हणजे वर सांगितलेलं नॉइज कॅन्सलिंग) लिहिलेलं पाहिजे. दुसरं, बड्सच्या बॉक्सवरचं "४० तास बॅटरी" हे चार्जिंगची डबी धरून असतं, एका चार्जवर बड्स साधारण पाच-सात तास, तर वरचे सोनी एएनसी चालू ठेवून ३० तास. त्यामुळे हेडफोन आठवड्यातून एक-दोनदाच चार्ज करावे लागतात, बॅटरी टिकते, कुशन फाटलं तर बदलता येतं. बड्सची इवलीशी बॅटरी रोज झिजते, दोन-तीन वर्षांत बरीच कमी टिकायला लागते आणि बदलून मिळणं अवघड. तरी हिशोब केला तर अठराशेचे बड्स दोन वर्षं म्हणजे वर्षाला नऊशे, पंचवीस हजारचे पाच वर्षं वापरले तरी वर्षाला पाच हजार, त्यामुळे "शेवटी स्वस्तच पडतं" अशी समजूत घालून कोणी घेऊ नका, सुख हवं म्हणून घ्या.

आयफोन असेल तर एलडीएसी कोडेकसाठी (ब्लूटूथवरून जास्त बारकाव्यांसह आवाज पाठवायची सोनीची पद्धत) जास्त पैसे देऊ नका, आयफोनवर ते चालतच नाही.

सदाशिव-नारायण पेठेत अभ्यासिकेत बसणाऱ्या मुलामुलींना तर मी दोन्ही घेऊ नका म्हणेन. गाणी ऐकायची नाहीत, नुसती शांतता हवी, तर मेडिकलमधले फोमचे इअरप्लग आणा, अगदी थोड्या पैशात काम होतं, आणि माणसांची कुजबुज तर ते एएनसीपेक्षाही चांगली अडवतात.

मधला रस्ताही आहे, अडीच-तीन हजारात खरं एएनसी असलेले बड्स मिळतात, मेट्रोत वनाज ते रामवाडी एवढ्या प्रवासाला ते छान पुरतात. मात्र रबरी टिप्स तुमच्या कानाच्या मापाच्या लावा, फट राहिली तर एएनसी निम्मं वाया जातं आणि बेसही जातो.

आणि चष्मा असेल तर मोठे हेडफोन ऑनलाइन मागवू नका, दुकानात जाऊन चष्म्यासकट निदान पंधरा मिनिटं घालून बसा. काडीमुळे कुशन नीट टेकत नाही, तिथून आवाज आत येतो आणि कानामागे दुखायला लागतं, ज्याला हे झालं त्याने बड्सच घ्यावेत, ब्रँड कुठलाही असो.